दारू सुटली, पण जायचे कुठे?

एप्रिल २०२१ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे जे घडले ते वाचक बंधू-भगिनी विसरले नसतील. कोरोनाच्या टाळेबंदीत दारूची दुकाने बंद होती. दारू मिळेना म्हणून काही माणसांनी हाताला लावायचे सॅनिटायझर पोटात घातले आणि किमान सात जण दगावले. बहुतेक मोलमजुरी करणारे. त्या वेळी आपल्याच वस्तीतले, पंचशील म्हणणारे लोक बोलताना आम्ही ऐकले, "दारुडेच होते, गेले ते सुटले." सुटले कोण? त्यांच्या मागे राहिलेल्या बाया सुटल्या की लेकरे?

सॅनिटायझर कोणी शौक म्हणून पीत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, पोटात काही ठरत नाही. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिटचे झटके येतात. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, कोणी मारायला आले असे वाटते. हा भ्रम औषधाविना जिवावर बेततो. म्हणून जुन्या पिणाऱ्याला खोलीत कोंडून, "आता बघू कसा पितो" म्हणणे ही धम्माची सेवा नव्हे, धोका आहे. आधी दवाखाना, ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि डॉक्टर देईल त्या गोळ्या. प्रतिज्ञा त्यानंतर. हा क्रम आमच्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा.

आपल्या देशात दारूच्या आजारासाठी मदत लागते अशी ५ कोटी ७० लाखांवर माणसे आहेत, असे केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत म्हटले आहे. दारूवाचून राहूच शकत नाही अशा ३८ जणांपैकी एकालाच आयुष्यात कधी काही उपचार मिळाला, असेही त्यात आहे. बाकीचे सदतीस कुठे जातात? काही घरच्यांच्या अंगावर जातात, काही बसस्थानकावर.

घर आधी जाते की माणूस आधी जातो?

आम्ही कारकुनी करणारे आणि वाणिज्य शाखेचे, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला करमत नाही. एखादा मजूर रोज १२० रुपयांची पितो असे धरा. महिन्याचे ३,६०० झाले, वर्षाचे ४३,८००. एवढ्यात लहान गावात खोलीचे वर्षभराचे भाडे निघून लेकरांची पुस्तकेही येतात. पण खाडे आणि उधारी या हिशेबात धरलेली नाही. दोन महिन्यांचे भाडे थकले की घरमालक सामान बाहेर ठेवतो. बाई माहेरी जाते. माहेरी भावजय किती दिवस ठेवून घेणार? मग वीटभट्टी, नाही तर कोणाच्या शेतावरची झोपडी, नाही तर पुलाखाली ताडपत्री. शाळेत मुलीचे नाव असते, मुलगी नसते.

आता दुसरी बाजू पाहा. समजा त्या माणसाला सुबुद्धी झाली, कोणी त्याला केंद्रात नेले, महिना-सव्वा महिना तो तिथे राहिला आणि शुद्धीवर आला. केंद्रात तो एकटा राहिला, बायको-मुले बाहेर. सुट्टी झाली तेव्हा हातात औषधाची पिशवी. जायचे कुठे? ज्या पुलाखालून उचलले तिथेच, आणि तिथून दारूचे दुकान दिसते. शहरातल्या रात्रनिवाऱ्याचे दार पिणाऱ्याला बंद, व्यसनमुक्ती केंद्राचे दार त्याच्या कुटुंबाला बंद. या दोन दारांमध्ये जी फट आहे तिच्यात आपली माणसे पडतात. लोक म्हणतात, "पाहा, एवढा खर्च केला, आठ दिवसांत पुन्हा प्यायला लागला." त्याला आठ दिवस आपण ठेवले कुठे होते, हे कोणी विचारत नाही.

कायद्यात आणि कागदावर पुष्कळ आहे. बेघरांसाठी लाखामागे शंभर माणसांचा एक निवारा असावा, हे माप सर्वोच्च न्यायालयापुढच्या प्रकरणातून आणि पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून ठरले. कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत हेही त्यात होते. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहराची लोकसंख्या एक लाखावर होती. तालुक्याच्या गावांचे काय? अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे, ती चांगलीच आहे, पण तिला जागा लागते, रहिवासाचा दाखला लागतो. ज्याचा पत्ताच पुलाखाली, तो दाखला कुठून आणणार? पक्के घर मिळेपर्यंत मधले सहा-आठ महिने डोके टेकायला जागा हवी, आणि ती दारूपासून दूर हवी. आम्ही ज्याची गोष्ट करतो आहोत तो हा मधला मुक्काम.

विहार म्हणजे काय?

आपण विहार म्हटले की मूर्ती, मेणबत्ती आणि रविवारची वंदना डोळ्यांपुढे आणतो. मूळ शब्दाचा अर्थ राहण्याची जागा. सुरुवातीला भिक्खू झाडाखाली, डोंगरात, गुहेत राहत. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने ते पाहिले, तथागतांची परवानगी मिळवली आणि एका दिवसात साठ विहार बांधून दिले, असे चुल्लवग्गात आले आहे. म्हणजे विहाराचा जन्मच मुळी छप्पर नसलेल्यांना छप्पर देण्यातून झाला.

मद्यपानाबद्दलचा विनयाचा नियम कसा आला, तीही कथा आपल्या घरोघर सांगण्यासारखी आहे. सागत नावाचे भिक्खू होते. त्यांनी एका विषारी नागाला वश केले म्हणून कोसंबीच्या लोकांत त्यांची मोठी ख्याती झाली. नागाची गोष्ट ज्याला पटेल त्याने घ्यावी, आमचे म्हणणे पुढच्या भागाविषयी आहे. लोकांनी आदर म्हणून घरोघरी त्यांना मद्य दिले. प्रत्येक घरी थोडे थोडे. ते नगराच्या वेशीत कोसळले. तथागत भिक्खूंसह तिथून येत होते. त्यांनी सागताला तिथे पडू दिले नाही. भिक्खूंना सांगून त्याला उचलून विहारात आणवले. शुद्ध हरपलेल्या सागताने झोपेत तथागतांकडेच पाय केले. तेव्हा तथागतांनी भिक्खूंना मद्याचे दुष्परिणाम समजावले आणि नियम घातला. सागताला मात्र संघाबाहेर काढले नाही. पुढे ते अर्हत झाले. आपण नियम तेवढा घेतला, उचलून आणणे सोडून दिले. शिवाय त्या माणसाला दारू पाजणारे कौतुक करणारेच होते, ही गोष्ट लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या प्रचारात आपल्या पोरांना पाजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेतलेल्यांची नातवंडे आज देशी दुकानाच्या रांगेत दिसतात. त्यांना प्रतिज्ञेची आठवण करून देणारे शंभर आहेत, रात्रीपुरते विहाराचे कुलूप उघडणारा एकही भेटत नाही.

जिथे हे झाले आहे

श्रद्धेच्या आधाराने व्यसन सोडवण्याचे काम इतरांनी केलेले आहे, आणि त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही. मुंबईत वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आसऱ्याने फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची पद्धत आणि बी. के. एस. अय्यंगारांची योगासने यांची त्यांनी सांगड घातली. स्वतः पाद्री असून आसने शिकवतात, आणि तिथे येणाऱ्याला धर्म विचारला जात नाही. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

थायलंडात साराबुरी प्रांतात थाम क्राबोक हा बौद्ध मठ आहे. १९५९ मध्ये तिकडे अफूवर बंदी आली आणि त्याच वर्षी या मठाने अफूबाजांना घ्यायला सुरुवात केली. पहिले पाच दिवस वनौषधींचा काढा पाजून ओकाऱ्या करवतात, आणि त्याआधी भिक्खूसमोर सत्याची शपथ. मठाचे प्रमुख चामरून परंचांद यांना १९७५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शपथ एकदाच, उपचारही एकदाच, ही तिथली शिस्त. मोडली तर पुन्हा दार नाही.

शपथेचे बळ आम्ही नाकारत नाही, पण हे "एकदाच" आम्हाला पटत नाही. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीच्या पाठबळावर मुक्तांगण उभे केले. घसरलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा घेणे, हे त्यांनी कामाचाच भाग मानले. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी तिथे सहचरी नावाची बैठक असते. नवरा आत बरा होतो तेव्हा बायकोच्या मनात साचलेल्या रागाचे आणि भीतीचे काय, हा प्रश्न त्यांनी वेळेवर ओळखला. मुक्तांगण धर्माचे नाव घेत नाही, तरी सागताला उचलण्याचे काम तिथे रोज होते.

अमेरिकेत आणखी वेगळा विचार आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून काहींनी अट न घालता बेघर माणसाला आधी घरच द्यायला सुरुवात केली. दारू सोडो न सोडो, छप्पर पक्के. माणसे घरात टिकतात असा त्यांचा अनुभव आला. पण ती मुख्यतः एकेकट्या माणसांची घरे. एका भिंतीपलीकडे दुसऱ्याची दहा वर्षांची मुलगी झोपलेली असते तिथे दारू आत येऊ देता येणार नाही, असे आमचे मत आहे. म्हणून मधला मार्ग असा: कोणी पिऊन आला तर त्याला दवाखान्यात न्यावे, काही दिवस बाहेर ठेवावे, पण त्याच्या बायको-मुलांची खोली जाऊ देऊ नये. चूक बापाची आणि रस्त्यावर लेकरू, हा न्याय बंद व्हावा.

दुसरी अट आमच्या स्वतःच्या लोकांना. छप्पर हे धम्म स्वीकारण्याचे बक्षीस नव्हे. आपल्या जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड आहेत, बंजारा आहेत, मुसलमान आहेत. वंदनेला बसायचे त्याने बसावे, नसेल बसायचे त्याने त्या वेळी अंगण झाडावे. दारापुढे भुकेला उभा असताना आधी प्रवचन ऐकवणारे आपण होऊ नये. आनापान मात्र सर्वांना शिकवावे. श्वास कोणत्याही जातीचा नसतो, आणि तलफ आली की दहा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवून बसणे हे ज्याने केले त्याला त्याचा उपयोग कळतो.

आपल्याकडे काय करता येईल

यवतमाळची अडचण ठाऊक आहे. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी, चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत होती. मध्ये आपण ओले. चंद्रपूरच्या बंदीच्या वर्षांत वणीकडची दुकाने कशी चालली ते तिकडच्या लोकांना विचारा. स्वामिनी अभियानाच्या भगिनींनी जिल्हाबंदीसाठी मोर्चे काढले, ती मागणी रास्त आहे. पण बंदी होवो न होवो, आज संध्याकाळी ताडपत्रीखाली जी बाई बसली आहे तिला बंदीच्या निकालाची वाट पाहता येत नाही.

अनेक विहारांना मागे एक खोली असते. तिथे सतरंज्या, जयंतीचे झेंडे आणि मोडका ध्वनिक्षेपक पडून असतो. त्या सामानासाठी दुसरी जागा सापडेल. एका वेळी एक कुटुंब, फार तर दोन, सहा महिने. चूल त्यांची स्वतःची असावी, कारण आयते जेवण मिळाले की बाईच्या हातचा कारभार जातो. मजुरीतला ठरलेला भाग बाईच्या नावाच्या बँक खात्यात. सहा महिन्यांत खोलीची अनामत जमते, हे आम्ही वरच्या हिशेबावरून सांगतो. मुलांचे नाव जवळच्या शाळेत पहिल्या आठवड्यातच. जागेचा कर, वीजबिल, कुटुंबाची नोंद आणि पोलीस ठाण्याला कळवलेले पत्र, हे सगळे कागदावर असावे. तोंडी उपकारातून भांडणे होतात आणि बाईला कोणी एकटीला गाठण्याची भीती राहते. म्हणून किल्ली आणि देखरेख महिला मंडळाच्या दोन उपासिकांकडे द्यावी. पुरुष पदाधिकाऱ्यांनी यात रुसू नये.

माणसाची औषधे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून चालू ठेवता येतात. फोनवर बोलायचे असेल तर केंद्राचा व्यसनमुक्तीचा क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६, दोन्हींना पैसे पडत नाहीत. हे आकडे विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. देणगीदारांच्या नावाच्या फरशीशेजारी जागा निघेलच.

एक बारीकशी गोष्ट राहिली. ही बैठक घेणाऱ्या कार्यकर्त्याने तोंडातला खर्रा बाहेर थुंकून यावे. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, आपला खर्रा मात्र पानठेल्यावर घोटणे चालूच आहे. लाल दातांनी सांगितलेला पाचवा शील समोरच्याला ऐकू येत नाही.

वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथवाचनासाठी विहार रोज संध्याकाळी उघडा असतोच. तीन महिने माणसांची ये-जा असते, दिवा असतो, चहा असतो. सुरुवात तेव्हा करावी. पहिल्या पंधरवड्यात खोली रिकामी करून चुना मारणे, दुसऱ्यात महिला मंडळाची बैठक आणि डॉक्टरांची भेट, आणि मग पहिले कुटुंब. एक जाड वही घ्यावी. तिच्यात दवाखान्याचा कागद, शाळेचा दाखला आणि पासबुकाची नक्कल लावावी, आणि कुटुंब स्वतःच्या भाड्याच्या खोलीत गेले की तो पत्ता शेवटच्या पानावर लिहून ठेवावा.