हेड न उतरवता

नागपूरच्या म्हाळगीनगर चौकातून निघालेला रस्ता ज्या हुडकेश्वरला पोहोचतो, ते गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले गेले असले, तरी पलीकडची शेती अद्याप पुरती हटलेली नाही, आणि म्हणून या बाजूच्या गॅरेजांच्या अंगणात मोटारींच्या बरोबरीने ट्रॅक्टरही हक्काने उभे असतात. पेरणीचा हंगाम तोंडावर आलेला असावा आणि नेमकी अशा ऐन वेळी इंजिनातील एखाद्या व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटावी, हा योग ट्रॅक्टरमालकाला किती जड जातो, हे सांगावयास नको. इंजिन 'मिसिंग' करू लागते, वरच्या अंगाने टकटक ऐकू येते, आणि मालक मनातल्या मनात सिलिंडरवरचे हेड उतरवण्याच्या खर्चाची व त्यात जाणाऱ्या दिवसांची बेरीज मांडू लागतो. जाणता मिस्त्री मात्र टॅपेट कव्हर काढून आत टॉर्चचा झोत टाकतो, स्प्रिंग बोटाने हलवून पाहतो आणि म्हणतो, "हेड कायले खोलता जी? स्प्रिंगच त बदलवाची हाय!"

त्याचे हे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकते, याची रुजुवात करण्यासाठी प्रथम स्प्रिंगचे काम पाहिले पाहिजे. व्हॉल्व्ह उघडण्याचे कार्य कॅमशाफ्ट, पुशरॉड आणि रॉकर यांच्या परंपरेने होते. परंतु तो मिटण्याचे आणि मिटलेला राहण्याचे सर्व उत्तरदायित्व एकट्या स्प्रिंगवर असते. स्प्रिंग जितकी दाबावी तितक्याच प्रमाणात ती उलट जोर करते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगकडून जी सेवा घेतली जाते, तिची कल्पना हूकलाही आली नसती. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर चार स्ट्रोकच्या नियमानुसार कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने फिरते, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग मिनिटाला १,००० वेळा दाबली जाते. तासाला ६०,००० वेळा, आणि नांगरणी, पेरणी व वाहतूक मिळून ५०० तासांचे काम झाले, तर तीन कोटी वेळा. एका दाबाने जिला तिळमात्र इजा होत नाही, तीच तार तितकाच दाब कोट्यवधी वेळा सोसून अखेर तुटते, या धातूंच्या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर केला, आणि आजही स्प्रिंग घडविणारे त्याच वाटेने चालतात.

तुटलेली स्प्रिंग हाती घेऊन पाहावी. वेटोळ्याची तार सरळ आडवी तुटलेली नसून बहुधा तिरकी, सुमारे पंचेचाळीस अंशांच्या कोनात तुटलेली असते, कारण स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार वस्तुतः पिळली जात असते. तुटीच्या तोंडावर एका कडेला लहानसा गुळगुळीत अर्धचंद्र दिसतो आणि उरलेला भाग खडबडीत असतो. अर्धचंद्र म्हणजे भेग मुंगीच्या पावलाने पुढे सरकत होती त्या काळाचा दस्तऐवज, आणि खडबडीत भाग म्हणजे अखेरचा क्षण. भेगेचा उगम पुष्कळदा वेटोळ्याच्या आतल्या बाजूला असतो, कारण पिळाचा ताण तेथे सर्वाधिक. याच कारणास्तव स्प्रिंगचे पोलाद सिलिकॉन, क्रोमियम वा व्हॅनेडियम मिसळून घडवितात आणि तिच्या पृष्ठभागावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करून तो आधीच दाबून ठेवतात, म्हणजे भेगेला तोंड उघडण्यास सहसा वाव राहत नाही. परंतु ट्रॅक्टर एक संपूर्ण पावसाळा बंद उभा राहिला आणि दमट हवेने तारेवर गंजाचा एक ठिपका उमटला, की हा सारा बंदोबस्त त्या ठिपक्यापुरता निष्फळ होतो. नागपूरच्या उन्हाळ्याला या तुटीचा दोष देण्याची इकडे रीत आहे. पण हेडवरचे तेलच चालू इंजिनात शंभर अंशांच्या आसपास असते, तेव्हा वैशाखाच्या पंचेचाळीस अंशांवर हे बालंट आणणे मला अन्यायाचे वाटते.

आता अडचण कोठे आहे ती पाहू. स्प्रिंग हेडच्या वर बसते आणि व्हॉल्व्हचा दांडा वर ओढून धरते. व्हॉल्व्हचे रुंद तोंड मात्र खाली, सिलिंडरच्या पोटात असते. स्प्रिंग काढली, की व्हॉल्व्हला धरणारे कोणीच उरत नाही आणि तो स्वतःच्या वजनाने आत घसरतो; आणि एकदा तो पुरता आत पडला, म्हणजे ज्या हेडला हात न लावण्यासाठी हा सारा खटाटोप, तेच उतरवावे लागते. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुळणी करून विकलेल्या विलिज जीपच्या आरंभीच्या इंजिनांत हा प्रश्न नव्हता, कारण त्यांचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, तोंड वर करून उभे असत आणि स्प्रिंगा बाजूचे झाकण काढताच हाती येत. हवेच्या सुलभ येण्याजाण्यासाठी व्हॉल्व्ह हेडमध्ये उलटे टांगले गेले, इंजिनाची ताकद वाढली, आणि मिस्त्रीच्या वाट्याला ही अडचण आली.

तिच्यावरील पहिली तोड हवेची. ज्या सिलिंडरची स्प्रिंग बदलावयाची, त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणावयाचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग प्लगच्या भोकात, डिझेल इंजिन असल्यास नोझलच्या जागी, जोडणी बसवून कॉम्प्रेसरची हवा आत सोडावयाची. चौरस सेंटिमीटरला सहा किलोचा दाब धरला, तर ३६ मिलिमीटर व्यासाच्या व्हॉल्व्हला ती हवा सुमारे ६० किलोच्या जोराने वर दाबून धरते, आणि तेवढा आधार पुष्कळ झाला. मात्र तीच हवा ९० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर सुमारे ३८० किलोचा जोर करते, हे ध्यानात ठेवले नाही तर अनर्थ ठरलेला. पिस्टन टॉपपासून किंचित जरी ढळलेला असला, तर तो हिसक्याने खाली जातो, आणि क्रँकच्या बोल्टवर विसरून राहिलेला पाना हात मोडू शकतो. या पद्धतीचा एक आनुषंगिक लाभही आहे. हवा सायलेन्सरमधून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो, हवा येण्याच्या वाटेने फुसफुसली तर इनटेक, आणि तेल ओतण्याच्या तोंडातून आवाज आला तर पिस्टनच्या रिंगा. कान देणाऱ्याला इंजिनाची अर्धी तहकीकात फुकट होते.

दुसरी तोड दोराची, आणि मला स्वतःला तीच अधिक पसंत आहे, कारण काम ऐन रंगात असताना वीज गेली आणि हवेची टाकी रिकामी होत चालली, तरी दोराला त्याचे सोयरसुतक नसते. पिस्टन टॉपच्या थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून स्वच्छ, धागे न सुटणारा नायलॉनचा दोर आत सारीत जावयाचे, त्याचे एक टोक बाहेर राखावयाचे, आणि मग क्रँक हाताने हळूहळू फिरवून पिस्टन वर आणावयाचा. घागरीखाली चुंबळ असावी तसा तो दोर व्हॉल्व्हखाली घट्ट बसतो. येथेही कॉम्प्रेशनचाच स्ट्रोक हवा. नाहीतर उघड्या व्हॉल्व्हच्या तोंडात दोर अडकतो आणि व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते.

थेट इंधन फवारणाऱ्या डिझेल इंजिनात तर पुष्कळदा दोराचीही गरज पडत नाही. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रांचा जो ट्रॅक्टरांचा कारखाना आहे, तेथून निघणाऱ्या यंत्रांचे मूळ तत्त्वही हेच, की हवा अतिशय दाबली गेल्याखेरीज डिझेल पेटत नाही. त्यामुळे टॉपवर आलेला पिस्टन आणि हेड यांत जेमतेम मिलिमीटरभर अंतर उरते. व्हॉल्व्ह सुटला तरी तेवढाच खाली येऊन पिस्टनच्या माथ्यावर टेकतो आणि दांड्याचे टोक वर हाती राहते. क्रँक हलू न देण्याची तजवीज तेवढी चोख हवी.

खरी परीक्षा यानंतरची. स्प्रिंगच्या वाटीला दांड्याशी जखडून ठेवणारे दोन अर्धगोल लॉक जेमतेम सेंटिमीटरभर उंचीचे असतात. वर्षानुवर्षांच्या दाबाने ते वाटीत इतके रुतून बसलेले असतात, की वाटीवर सॉकेट ठेवून हातोडीचा एक बेताचा ठोका दिल्याशिवाय सुटत नाहीत. आणि सुटले म्हणजे कोठे उडतील याचा नेम नसतो. यासाठी अनुभवी मिस्त्री आधी पुशरॉडची आणि तेल परतण्याची सर्व भोके स्वच्छ फडक्यांनी बुजवून घेतो, कारण एक लॉक त्या वाटेने तळाच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरला, की वाचलेला सारा वेळ तो शोधण्यात जातो. स्प्रिंग दाबून धरावयाची, चुंबकाने लॉक उचलावयाचे, जुनी स्प्रिंग काढावयाची. आणि हात तेथे पोहोचलाच आहे, तर व्हॉल्व्हचे रबरी सीलही बदलून टाकावे, हे बरे. नवी स्प्रिंग घालून लॉकना दांड्याच्या खाचेत परत बसविताना चिमूटभर ग्रीस लावले, तर ते स्प्रिंग सोडेपर्यंत जागा सोडीत नाहीत.

याला कोणी गॅरेजची हातचलाखी म्हणेल, तर त्याने विमानाकडे पाहावे. नागपूर फ्लाइंग क्लबने ज्या सेसना विमानांवर वैमानिक तयार केले, तशा विमानांना लायकमिंग कंपनीची हवेने थंड होणारी इंजिने असतात. आणि व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीतून सरकतो त्या गाइडमध्ये काजळी साचून व्हॉल्व्ह अडकू लागला, तर काय करावे, याचे त्या कंपनीचे लेखी फर्मानच आहे. त्यानुसार सिलिंडर जागेवरून न काढता स्प्रिंगा सोडवितात, व्हॉल्व्ह मुद्दाम सिलिंडरच्या पोटात ढकलतात, गाइड घासून साफ करतात आणि व्हॉल्व्ह पुन्हा युक्तीने ओढून जागेवर आणतात. ज्या पतनाला ट्रॅक्टरचा मिस्त्री सर्वाधिक भितो, तेच येथे उपचाराचा भाग झाले आहे.

तरीही मिस्त्रीचे ते वाक्य दर वेळी खरे ठरत नाही. स्प्रिंग तुटल्यावर इंजिन तसेच दामटले गेले असेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून वाकला असेल, तर तो हवा अडवून धरीत नाही, फुसफुस थांबत नाही, आणि मग हेड उतरविण्यावाचून गत्यंतर नसते. नवी स्प्रिंग टाकून असे इंजिन परत देणारा मिस्त्री मालकाला महिनाभरात पुन्हा दारात उभा करतो. अलीकडच्या मोटारींत कॅमशाफ्टच हेडच्या माथ्यावर बसविलेले असल्यामुळे स्प्रिंगपर्यंत पोहोचण्यासाठी आधी टायमिंगची चेन वा पट्टा सोडावा लागतो, आणि एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असल्यावर हातालाही जागा उरत नाही. तेथे हेड काढणेच सोयीचे पडावे, अशी पाळी येते. पुशरॉडच्या ट्रॅक्टरांत मात्र दोर बाहेर ओढून, फडक्यांची मोजदाद करून, टॅपेटचे अंतर फिलर गेजने पुन्हा लावून आणि क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवून कोठे अटकाव होत नाही याची खात्री केली, की इंजिन सुरू करण्यास हरकत नसते.