तूर, टूना आणि पत

मापुतो : मोझांबिकच्या उत्तर आणि मध्य भागांतल्या नाम्पुला आणि झांबेझिया प्रांतांत मक्याच्या ओळींमधून तूर लावतात. पोर्तुगीजमध्ये तिला ‘फेइजाऊं बोएर’ म्हणतात. हिरव्या शेंगा घरी खाल्ल्या जातात, पण वाळलेल्या दाण्याची डाळ करून ती रोज भातावर घेणारा माणूस इथे फारसा नाही; तो समुद्रापलीकडे, आपल्याकडे आहे. पोते सायकलला बांधून शेतकरी सडकेवरच्या दुकानात आणतो. तिथे ते काट्याला लागते, मग ट्रकने नाकाला बंदरात जाते आणि कंटेनरमधून न्हावा शेवाला उतरते. वाशीच्या बाजारात आफ्रिकन तुरीला अरुशा, मटवारा, गजरी अशी नावे आहेत. त्यांतली पहिली दोन टांझानियातल्या गावांची. अकोला-लातूरच्या डाळमिलांतून बाहेर पडली की ती आपलीच तूरडाळ होते. पीक एकाचे आणि गिऱ्हाईक जवळजवळ एकच, अशा व्यापारात मालाच्या प्रतीइतकीच दोन्ही बाजूंची पत महत्त्वाची ठरते. ही पत गेल्या दहा वर्षांत दोनदा-तीनदा मोडली. ती कशी मोडली आणि कुठे सांधली गेली, हे पाहिले की ‘आफ्रिकेत धंदा म्हणजे फसवणूक’ हे आपल्याकडचे सोपे वाक्य टिकत नाही. नियम ऐन वेळी बदलतात आणि कागद झाकून ठेवले जातात तिथे पत जाते, मग तो देश कुठलाही असो.

आधी मोझांबिकची स्वतःची चूक, कारण ती लहान नव्हती. 2013-14 मध्ये टूना मासेमारी, किनारपट्टीची राखण आणि जहाजदुरुस्ती अशा तीन सरकारी कंपन्यांच्या नावाने 2 अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उचलले गेले. त्याला सरकारी हमी होती, पण संसदेची मंजुरी नव्हती. त्यातला मोठा भाग आंतरराष्ट्रीय नाणेनिधीलाही सांगितलेला नव्हता. एप्रिल 2016 मध्ये हे बाहेर आले. नाणेनिधीने आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडले, मेटिकल हे इथले चलन घसरले आणि जानेवारी 2017 मध्ये देशाने रोख्यांचे व्याज चुकवले. परदेशी हिशेबतपासणीत सुमारे 50 कोटी डॉलरचा पत्ताच लागला नाही. टूना पकडण्यासाठी फ्रान्समधल्या शेरबूरला बांधलेल्या नौका मापुतोच्या धक्क्याला नुसत्या उभ्या राहिल्या. शहराच्या ऐन तोंडावर रांगेत गंजणाऱ्या या नौका येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत, त्यामुळे ‘दीव्हिदाश ओकुल्ताश’ म्हणजे ‘छुपी कर्जे’ हा शब्द भाजीबाजारापर्यंत पोहोचला.

‘म्हणजे शेवटी आफ्रिकेतला भ्रष्टाचारच की,’ असे कोणी म्हणेल. पण कर्ज देणारे झुरिच-लंडनचे बँकर होते आणि नौका विकणारे आफ्रिकेबाहेरचे. क्रेडिट स्विसच्या तीन माजी अधिकाऱ्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. 2021 मध्ये त्या बँकेने अमेरिकी आणि ब्रिटिश यंत्रणांशी सुमारे 47.5 कोटी डॉलरची तडजोड केली आणि मोझांबिकचे 20 कोटींचे कर्ज सोडून दिले. टाळी दोन हातांनी वाजली होती, बदनामी मात्र एकाच्या वाट्याला आली. माझ्या लेखी याहून महत्त्वाचे आहे ते पुढे इथे घडलेले. मापुतोजवळच्या कडेकोट तुरुंगाच्या आवारात मोठा तंबू उभारून 19 आरोपींवर खटला चालला आणि तो दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला. डिसेंबर 2022 मध्ये 11 जण दोषी ठरले. त्यांत माजी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा होता, त्याला 12 वर्षांची शिक्षा झाली. माजी अर्थमंत्री मान्वेल चांग यांना न्यूयॉर्कमध्ये साडेआठ वर्षे मिळाली. देशाच्या घटना परिषदेने तर त्याआधीच, 2019 आणि 2020 मध्ये, या सरकारी हम्या रद्दबातल ठरवल्या होत्या. 2022 मध्ये नाणेनिधी परतला. त्याच वर्षी काळ्या पैशाच्या देखरेखीसाठीच्या ‘ग्रे लिस्ट’मध्ये गेलेला हा देश ऑक्टोबर 2025 मध्ये तिच्यातून बाहेर पडला. 2024 च्या निवडणुकीनंतर रस्त्यावर जे रक्त सांडले, ते पाहता इथल्या राज्यकर्त्यांना कोणी साधुत्वाचे प्रमाणपत्र देणार नाही. तरीही तुटलेल्या पतीची जेवढी डागडुजी झाली, ती चव्हाट्यावर आलेल्या कागदांनी आणि कोर्टांनी केली.

तुरीच्या बाबतीत असे काहीच झालेले नाही. छुपी कर्जे उघडी पडल्यावर तीनच महिन्यांनी, जुलै 2016 मध्ये, पंतप्रधान मोदी मापुतोला आले आणि तुरीचा सामंजस्य करार झाला. 2015 मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला 200 रुपयांवर गेली होती, त्याची ती धास्ती. पहिल्या वर्षी 1 लाख टन आणि पुढे वाढवत 2020-21 पर्यंत 2 लाख टन, असा आकडा ठरला. इथे प्रचार झाला, पेरा वाढला. पण त्याच खरिपात आपल्याकडे पाऊस चांगला झाला. आदल्या वर्षी 25 लाख टनांच्या घरात असलेले तुरीचे उत्पादन 2016-17 मध्ये सुमारे 48 लाख टनांवर गेले. बारदान संपले, खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बाजारभाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली गेला. हे सगळे मराठवाडा-विदर्भाच्या वाचकाला माझ्याकडून ऐकण्याची गरज नाही. 5 ऑगस्ट 2017 रोजी दिल्लीने तुरीच्या आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारांतला माल तिच्यातून वगळलेला होता, म्हणजे कागदावर मोझांबिकला दिलेला शब्द पाळला गेला. पण ऑगस्ट हा इथे काढणीचा हंगाम. तूर तेव्हा शेतात वाळत होती किंवा नुकतीच पोत्यात भरली होती. कराराच्या आकड्यावरच्या मालाला वाट उरली नाही, आणि करारातला माल कोणाचा हे सडकेवरच्या दुकानदाराला ठाऊक नव्हते. भाव कोसळला.

भारताने आधी आपला शेतकरी पाहायचा नाही तर कोणाचा? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उडवून लावता येत नाही. मलकापूरच्या शेतकऱ्याला हमीभावही मिळत नसताना आयात चालू ठेवा, असे कोणतेही सरकार म्हणणार नाही. पण त्या वर्षी बंपर पीक येणार हे डिसेंबर-जानेवारीतच दिसत होते. मर्यादा तेव्हाच जाहीर झाली असती, तर निदान इथल्या व्यापाऱ्याने गावोगावी उचल वाटताना हात राखून ठेवला असता. तोच निर्णय सात महिन्यांनी आला आणि त्याचा भार दोघांतल्या अधिक गरिबावर पडला. त्यानंतरही शुल्कमुक्त आयातीची मुदत एकेका वर्षाने वाढत आली. मार्च 2026 पर्यंतची मुदतवाढ जानेवारी 2025 मध्ये आली, तेव्हा नाम्पुलातली पेरणी उरकलेली होती. यातला उपरोध असा की ही टांगती तलवार आपल्या तूर उत्पादकाच्याही डोक्यावर आहे. त्यालाही पेरताना कळत नाही की पुढल्या वर्षी बंदरे उघडी असतील की बंद.

2023 मध्ये फासे उलटे पडले. आपल्याकडे तुरीचा तुटवडा होता, किरकोळ भाव दीडशेच्या वर होता, आणि नाकालात माल असून निघत नव्हता. दोन बड्या निर्यातदारांचा वाद कोर्टात गेला, साठ्यावर जप्ती आली, निर्यातीचे कागद अडले. दिल्लीला मापुतोकडे दाद मागावी लागली. मालाच्या उत्पत्तीचे प्रमाणपत्र कोणाला आणि किती मालासाठी मिळाले, याची यादी कोणत्याही फळ्यावर लागलेली नव्हती, त्यामुळे अडवणूक करणे सोपे गेले. 2021 मध्ये नव्याने पाच वर्षांसाठी केलेल्या करारातही वर्षाला 2 लाख टन हा आकडाच होता. तो करार खरेदीदाराला बांधत नव्हता, भाव ठरवत नव्हता, आणि वाद झाला तर कोणी किती दिवसांत सोडवायचा हेही सांगत नव्हता. दोन सरकारांच्या सदिच्छेवर तो उभा होता, आणि सदिच्छा हंगाम पाहून बदलते.

‘बाजारच शिकवेल, मोझांबिकने दुसरी गिऱ्हाइके शोधावीत, स्वतः डाळ करून विकावी,’ असाही एक सल्ला असतो. डाळमिला इथे आहेत, पण तूरडाळ खाणाऱ्यांचा जगातला मोठा बाजार शेवटी भारतच. सतराव्या-अठराव्या शतकात इथला पोर्तुगीज कारभार गोव्यातून चाले. 1752 मध्ये तो वेगळा झाला, तरी हिंदी महासागराच्या दोन काठांची देवाणघेवाण तुटली नाही. गिऱ्हाईक बदलता येत नसेल, तर व्यवहाराची रीत तरी बदलावी लागेल : आयातीचा निर्णय ऑक्टोबरच्या आत, म्हणजे इथल्या पेरणीआधी, प्रमाणपत्रांची यादी सर्वांना दिसेल अशी, आणि वादातला माल जप्त राहण्याऐवजी अनामत रकमेवर सुटेल अशी सोय. यातल्या कशालाही फार पैसा लागत नाही. लागते ती ऐन वेळी फिरण्याची मोकळीक सोडण्याची तयारी, आणि दिल्ली असो की मापुतो, तीच दोघांनाही नकोशी असते.

तोवर हिशेब सडकेवरच्या दुकानातच होतो. नाकालाहून माल सुटेल की नाही याची खात्री नसलेला दुकानदार किलोमागे थोडे मेटिकल कमी देतो. अविश्वासाची ही वजावट पोते आणणाऱ्याच्या पदरात पडते. नोव्हेंबरचा पाऊस पडला की तो तूर पुन्हा मक्यात पेरतो. बियाणे घरचे असते, वेगळी मशागत लागत नाही, आणि भाव पडला तरी तुराट्या चुलीला होतात.