तंजावरची आडवी सूची

तंजावरचे विद्याव्यासंगी महाराज दुसरे सरफोजी यांनी सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य शास्त्रांचे ग्रंथही जमविले होते. मार्च १८३२ मध्ये ते निवर्तले. त्याच्या जेमतेम सहा महिने आधी, २९ ऑगस्ट १८३१ रोजी, लंडन येथे मायकेल फॅरडे यांना विद्युत्प्रवर्तनाचा शोध लागला. ती वार्ता महाराजांच्या कानी क्वचितच पडली असेल. आणि हा प्रयोग तर तंजावरास चुंबकावाचूनही करता येतो!

पृथ्वी हेच एक प्रचंड चुंबक होय. मध्यावर तोललेली चुंबकसूची लंडनमध्ये जमिनीकडे पुष्कळच झुकते. तंजावर चुंबकीय विषुववृत्तानजीक असल्यामुळे येथे ती जवळजवळ आडवी राहते; अर्थात बलरेषा जमिनीस बहुतांशी समांतर, दक्षिणोत्तर जातात. तांब्याच्या तारेचे शेकडो वेढ्यांचे वेटोळे संवेदनशील गॅल्व्हानोमीटरला जोडून मेजावर सपाट ठेवावे. त्यातून फारच थोड्या रेषा जातात. ते झटकन उभे करून त्याचे तोंड उत्तरेकडे आणले, की काटा हलतो. वेटोळे तसेच स्थिर धरले, की काटा पुन्हा शून्यावर! आता रेषा भरपूर आहेत, पण प्रवाह नाही. त्यांची संख्या बदलत असेतोवरच तो वाहतो. हे उमगण्यापूर्वी खुद्द फॅरडे यांचेही कित्येक प्रयत्न फसले होते. वेटोळ्याचे तोंड पूर्वेकडे वळविताच काटा हलतो खरा, परंतु उलट बाजूस.