एसीची परीक्षा घेणारी खोली

एसी खोलीतली किती उष्णता बाहेर टाकतो, हे थेट मोजणं अवघड. म्हणून कॅलरीमीटर प्रयोगशाळेत उलटा हिशेब मांडतात. एकमेकींना लागून दोन बंद खोल्या, एक ‘घर’, दुसरी ‘बाहेर’. घरात 27 अंश, बाहेर 35. एसी उष्णता काढत राहतो. हीटर आणि वाफेचं यंत्र तेवढीच पुन्हा आत घालतात. तापमान जागचं हललं नाही, की त्यांना लागलेली वीज हेच मुख्यतः एसीच्या क्षमतेचं माप. भिंतींतून गळती होऊ नये म्हणून खोलीभोवती पोकळी ठेवून तिथलंही तापमान आतल्याइतकंच राखतात. बाहेरच्या खोलीवरून काढलेलं उत्तर 4 टक्क्यांच्या आत जुळलं नाही, तर चाचणी बाद. यात कापसाची एक वातही निर्णायक ठरते. दमटपणा मोजणाऱ्या तापमापीवरची ही वात मळली किंवा सुकू लागली, की आकडा चढतो, हवा आहे त्याहून दमट भासते, नियंत्रक वाफ कमी करतो आणि एसीच्या वाट्याचं काम गुपचूप हलकं होतं.

एवढी काटेकोर खोली चुकीचा प्रश्न विचारते, असं माझं म्हणणं आहे. इन्व्हर्टर एसीचं सगळं कसब कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार बदलण्यात. स्टार लेबलच्या चाचणीत मात्र तो वेग पूर्ण आणि अर्ध्या भारावर बांधून ठेवतात. म्हणजे वेग ठरवणारा मेंदू परीक्षेला बसतच नाही. शिवाय घरातली हवा धरलेली असते जेमतेम 47 टक्के आर्द्रतेची. मुंबईच्या जुलैशी तिचा काय संबंध? तासाला एक लिटर पाणी हवेतून काढायला सुमारे 680 वॅट क्षमता खर्ची पडते, म्हणजे दीड टनाच्या एसीच्या एकअष्टमांशाहून थोडी अधिक. वेग उतरला की कॉइल तितकी गार राहत नाही आणि आधी मार खाते ती हीच क्षमता. खोली गार, पण अंथरूण ओलसर!

तेव्हा नवी प्रयोगशाळा उभारताना हीटर संगणकाच्या हाती द्यावेत. काल्पनिक घरात ऊन वाढलं तर तापमान किती चढेल, हे गणिताने काढून खोली तशी वागवायची आणि एसीला त्याच्या थर्मोस्टॅटवर मोकळं सोडायचं. यावर आक्षेप असा, की मोकळ्या चाचणीचं उत्तर दर वेळी वेगळं येईल आणि दोन कंपन्यांची तुलनाच कोलमडेल. तो खरा आहे. तुलना हाच लेबलचा जीव. खोलीच्या भिंतींची स्वतःची उष्णताधारणाही गणितात लुडबुड करते. पण त्यामुळे जुनी चाचणी मोडीत काढायची गरज नाही. ती क्षमतेसाठी राहू द्यावी, नवी वागणुकीसाठी जोडावी. खर्च वाढेल, तरी हलक्या भिंती, झटपट कमी-जास्त होणारे हीटर आणि यंत्राजवळ सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा संथ हवा या गोष्टी नकाशातच धरल्या तर तो आवाक्यात राहतो. बांधून झालेली जाड भिंत नंतर सॉफ्टवेअरने पातळ होत नाही.