पोटात गोळा, गळ्यात पदक

पॅरिस ऑलिंपिक, २०२४. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीआधी कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं काय खाल्लं? काहीही नाही. पोटात गोळा आलेला. कोरा चहा घेतला आणि गडी थेट रेंजवर. परतला कांस्यपदक घेऊनच. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, तेही उपाशीपोटी!

मोठ्या खेळाडूंना भीती वाटत नाही, हा आपला लाडका गैरसमज. सचिन तेंडुलकरलाच विचारा. सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागायची नाही आणि हे दहा-बारा वर्षं चाललं, असं त्यानं २०२१मध्ये सांगितलं. पुढे त्यानं झोपेशी भांडणं सोडलं. चहा करायचा, कपड्यांना इस्त्री करायची. शंभर आंतरराष्ट्रीय शतकांमागे किती शर्ट कडक झाले असतील, कोण जाणे!

बास्केटबॉलचा बिल रसेल सामन्याआधी चक्क ओकायचा. त्याच्या बॉस्टन सेल्टिक्स संघातल्या खेळाडूंना तो आवाज शुभशकुन वाटे. १३ हंगामांत ११ विजेतेपदं म्हटल्यावर का नाही वाटणार?

पण कमाल नेमबाज अभिनव बिंद्राची. बीजिंग ऑलिंपिकआधी हा पठ्ठ्या जर्मनीत ‘पिझ्झा पोल’ चढला. सुमारे ४० फुटी खांब, माथ्यावर जेमतेम पिझ्झाच्या खोक्याएवढी जागा. अर्ध्यावर धीर सुटत होता, तरी वर पोचलाच. नेमबाजाला खांबावर कशाला चढवायचं, असं वाटेल. पण २००८च्या त्या ऑलिंपिकमध्ये फायनलआधी सरावाचा छर्रा झाडला, तर गुण फक्त चार! रायफलची साइट हललेली. हातात मोजकी मिनिटं. त्यानं साइट जुळवली आणि खांबावरच्यासारखाच धीर धरून खेळला. शेवटच्या छर्‍याआधी फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनशी बरोबरी झाली होती. हॅकिनेनला ९.७, बिंद्राला १०.८. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण!

पोटात गोळा चालतो, गोळी मात्र चालत नाही. प्रोप्रानोलॉल या औषधानं हृदयाचे ठोके मंदावतात, हाताची थरथर कमी होते, म्हणून नेमबाजीत त्यावर बंदी आहे. त्याच बीजिंगमध्ये उत्तर कोरियाचा पिस्तूल नेमबाज किम जोंग-सू या औषधापायी पकडला गेला आणि त्याची रौप्य व कांस्य, दोन्ही पदकं काढून घेतली गेली.