फजरचे गरम पाणी आणि विजेचे बिल

पनवेलजवळचे शिरढोण हे क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. थंडीत इथे पहाटे गार वारा सुटतो आणि फजरच्या वुजूला कोमट पाणी लागते. अब्बांच्या गुडघ्यांना थंड पाणी सोसत नाही, म्हणून आम्ही गिझर रात्रीच चालू करून ठेवायचो. बिल वाढले तेव्हा हिशेब मांडला.

१५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. २,००० वॅटच्या गिझरला त्यासाठी सोळा-सतरा मिनिटे पुरतात. पुढे रात्रभर टाकीतली उष्णता निसटत राहते आणि ती भरून काढायला गिझर पुन्हा पुन्हा वीज घेतो. आता आम्ही सहरीच्या किंवा फजरच्या वीस मिनिटे आधी बटण लावतो.

नवा गिझर घेताना तारे पाहा. जितके तारे जास्त, तितकी साठवलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते. हात-तोंड धुण्यापुरतेच गरम पाणी हवे असेल तर ३ लिटरचा इन्स्टंट पुरतो. बादलीभर आंघोळीला १५ लिटरची टाकी बरी. गच्चीवर भरपूर ऊन येत असेल तर सोलर हिटर सर्वांत किफायतशीर. मात्र कोकणच्या पावसाळ्यात त्याला विजेची जोड ठेवावीच लागते. बोअरचे पाणी जड असेल तर कॉइलवर क्षार साचतात आणि वीज जास्त जाते, म्हणून ती वेळोवेळी साफ करून घ्या.

गॅस गिझर स्वस्त वाटतो, पण तो बंद बाथरूममध्ये कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होऊन दगावतो. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवा. पैशांच्या बचतीपेक्षा जीव मोठा.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये येते. अल्लाहला इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, आवडत नाही. आम्ही आता अब्बांसाठी नळाऐवजी बधना भरून ठेवतो. गिझर कोणताही घ्या. बचतीची सुरुवात त्या भांड्यापासून होते.