काळ्या मातींतील कोरफड

आमच्या मातोश्रींचा कोरफडीवर फार विश्वास. कोणाचा हात पोळला कीं त्या परसांत जाऊन एक पान कापून आणीत. त्या निवर्तल्यानंतर कांहीं वर्षांनीं जुनें घर सुटलें, तेव्हां त्यांच्या हातच्या कोरफडीचीं चार रोपें आम्हीं नव्या घरीं आणिलीं. तेथील जमीन कापसाची, काळीभोर. अशा मातींत काय येणार नाहीं, असें आम्हांस वाटलें. परंतु पहिल्याच पावसाळ्यांत तीन रोपें मुळाशीं कुजून गेलीं. ही हानि आमच्या अज्ञानानें झाली. इतरांच्या परसांत ती टळावी, म्हणून हें लिहीत आहों.

काळी माती बहुतांशीं आपल्या काळ्या पाषाणाच्या झिजेनें झालेली आहे. तिचे कण अतिसूक्ष्म. पाणी मिळतांच ती फुगते, उन्हाळ्यांत आकसून तिला भेगा पडतात. ओल धरून ठेवणें हा तिचा मोठा गुण. रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर पोसते. पण एकाचा गुण तो दुसऱ्याचा काळ होतो. कोरफड, निवडुंग, शेर, पानफुटी या रसाळ वनस्पति पाण्याचा सांठा आपल्या पानांत किंवा खोडांत करितात. त्यांपैकीं बहुतेकांचीं सूक्ष्म छिद्रें दिवसा मिटलेलीं असून रात्रीं उघडतात. त्यामुळें पाणी थोडें खर्च होतें. अशा मितव्ययी झाडांच्या मुळांना पाण्याइतकीच हवाहि लागते. चिखलांत ती मिळत नाहीं.

निसर्गाकडे पाहिलें असतें तर हें आम्हांस आधींच कळलें असतें. शिंदळ माकुडी नांवाची दुर्मिळ रसाळ वनस्पति आपल्या सह्याद्रींतच आढळते. शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कड्यांवर, खडकाच्या फटींतील ओंजळभर मातींत ती जगते. मुंबईचे एके काळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचें शास्त्रीय नांव पडलें आहे. (ती कोणीं उपटून आणूं नये, ही विनंति.) सुपीक मातीचा तिला लोभ नाहीं, पाणी निथळून जावें एवढेंच तिचें मागणें.

आम्हीं मात्र हातभर खोल खड्डे खणिले, त्यांत वाळू व शेणखत भरलें व समाधान पावलों. धाकट्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, माझ्या माहेरीं कोरफड दगडांच्या ताटीवर आहे. इथेंहि उंचावर लावूं या का?" पस्तीस वर्षें मुलांना शिकविलेल्या माणसास सुनेचें ऐकणें जड गेलें! चिकण मातींतील वाळूचा खड्डा म्हणजे हौदच. सभोंवतींचें पाणी त्यांत उतरतें. बाहेर जाण्यास वाट नसते.

उरलेलें एक रोप आम्हीं सूनबाईंच्या स्वाधीन केलें. त्यांनीं कुजकीं मुळें कापलीं व रोप आठवडाभर सावलींत ठेवून जखमा सुकूं दिल्या. जमिनीवरच विटांचे तुकडे पसरून त्यावर मुरूम, जाड वाळू, थोडी माती व मूठभर जुनें शेणखत यांचा दोन विती उंच ढीग रचिला आणि कडेनें दगड लाविले. मग रोप लावून पहिले चार दिवस पाणी मुळींच दिलें नाहीं. पुढेंहि काडी खुपसून पाहावी, ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावें, हा त्यांचा नेम. नवी लागवड पाऊस सरल्यावर करावी. शेर व निवडुंग यांचा चीक डोळ्यांस फार अपाय करितो. तीं झाडें मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा जागीं लावावीं.

त्या एका रोपाचीं पिलें आज आमच्या दोन्ही लेकींच्या घरीं गेलीं आहेत. मातोश्रींची कोरफड राहिली ती सूनबाईंमुळें. जमिनीचा स्वभाव ओळखावा, आणि घरांतील धाकट्यांचेंहि वेळीं ऐकावें, हे दोन धडे आम्हीं उतारवयांत एकाच वाफ्यापाशीं शिकलों.